तीन वितींवर पाइप

आई बाथरूममध्ये घसरली, आणि त्या दिवसापासून घरात बोलायला एकच विषय उरला: दांडा.

आईच्या मते ती पडली नव्हती. पाय सरकला, तिने नळ धरला, नळ हातात आला, आणि तो हातात घेऊन ती सावकाश खाली बसली. याला पडणं म्हणत नाहीत, बसणं म्हणतात. पण लेकीने ही हकिगत फोनवर दादाला सांगितली, आणि दादाने त्याला पडणंच म्हणायचं ठरवलं.

"रविवारी येतो आणि आईला इकडे घेऊन जातो," तो म्हणाला. "कायमची. तू नोकरी सांभाळून कुठवर बघणार? आणि त्या घरात धड अशी एक वस्तू नाही."

"भिंतीला धरायला एक दांडा बसवला की झालं रे."

"बसवा. मी स्वतः लोंबकळून बघणार. हलला, तर आई माझ्याबरोबर गाडीत."

फोन स्पीकरवर होता. आई शेंगा निवडत बसली होती. ती चांगल्या शेंगा कचऱ्यात आणि देठ टोपलीत टाकायला लागली.

दादाच्या घरी तिला कुणी दुखवत नव्हतं. उलट फारच जपायचे. साखरेचा डबा कुठे आहे हेसुद्धा तिला तिथे विचारावं लागे, आणि विचारलं की सून धावत यायची, "तुम्ही बसा आई, मी देते." बसून बसून माणूस बसणार तरी किती? या घरात मात्र दिवे गेले तरी ती सुई-दोरा हुडकून काढायची.

दांडा आणणं सोपं होतं. लेकीने शुक्रवारी कामावरून येताना दुकानातून तो आणला: चकचकीत, दोन्ही टोकांना गोल चकत्या, चकत्यांना भोकं, सोबत स्क्रूंची आणि भिंतीत ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांची पुडी. प्रश्न होता तो बसवायचा कुणी.

"उद्या मिस्त्रीला बोलावते," लेक म्हणाली.

"नको."

"का?"

"उगाच."

या 'उगाच'मागे काय आहे ते लेकीला ठाऊक होतं. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी घराची दुरुस्ती करायचे. 'आपला हात जगन्नाथ' हे त्यांचं ब्रीद. घरातला एकूण एक खिळा त्यांनी ठोकलेला होता, आणि त्यातला एकही सरळ गेलेला नव्हता. बाहेरच्या खोलीतला पंखा लावायचा तर स्वयंपाकघरातलं बटण दाबावं लागे. पुस्तकांच्या फळीला असा उतार होता की जाडजूड ग्रंथ आपोआप डावीकडे जमत. त्याला ते 'गाळाचं मैदान' म्हणायचे. स्वयंपाकघराचं दार त्यांनी एकदा काढून परत बसवलं, तेव्हापासून ते आत उघडून फ्रिजवर आदळायला लागलं. म्हणून फ्रिज बाहेरच्या खोलीत, सोफ्याशेजारी, पाहुण्यासारखा उभा होता.

आता कारागिरांची एक रीत असते. सुतार असो, वायरमन असो, रंगारी असो, घरात आला की तो लगेच कामाला हात घालत नाही. आधी कमरेवर हात ठेवतो, मान तिरकी करतो, आधीच्या माणसाने केलेलं काम वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो, "हे कुणी केलंय?" हे विचारल्याशिवाय हत्याराची पिशवी उघडली तर बहुधा धंद्याला बट्टा लागत असावा. बाबा होते तोवर या प्रश्नाचं उत्तर स्वतः बाबाच द्यायचे. "होता एक अर्धवट," म्हणायचे, आणि चहा सांगायचे.

बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याबद्दल चांगलंच बोलत होता, आणि आईही मान हलवून हो म्हणत होती. आता कुणीतरी परका येणार, मान तिरकी करणार आणि तो प्रश्न आईला विचारणार. ते ऐकायची तिची तयारी नव्हती. त्यापेक्षा नळ हातात घेऊन खाली बसणं तिला परवडलं असतं.

"बरं," लेक म्हणाली. "मीच बसवते."

शनिवारी सकाळी तिने माळ्यावरून बाबांचं ड्रिल मशीन काढलं. त्याच्याबरोबर बाबांचा पोशाखही खाली आला. भिंतीचा कपचा डोळ्यात उडू नये म्हणून ते ड्रिल चालवताना स्कूटरचं हेल्मेट घालत. लेकीने ते डोक्यावर चढवलं. ते तिला मोठं झालं. आत अजून त्यांच्या तेलाचा वास होता. तिने काच खाली ओढली.

शेजारचे मॅनेजरकाका दारात आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाच्याही घरातला कसलाही आवाज म्हणजे आमंत्रण वाटे.

"कुठे निघालीस गं?" त्यांनी हेल्मेटकडे बघून विचारलं.

"बाथरूममध्ये."

"जपून जा," काका म्हणाले, आणि मागोमाग आत आले.

आईने न सांगता आपली जागा घेतली. बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल, स्टुलाशेजारी लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डाच्या बटणावर तिचा अंगठा. संसाराची सगळी वर्षं तिने हेच केलं होतं. बाबा मशीन चालवायचे आणि आई बटणावर बसायची. "मशीनचं बटण मशीनवालाच दाबतो, पण त्याचं लक्ष भोकाकडे असतं," असं तिचं शास्त्र होतं. "कुणाचं तरी लक्ष माणसाकडे पाहिजे."

"या भिंतीत पाइप कुठून गेलाय?" लेकीने विचारलं.

"कोपऱ्यापासून तीन वितींवर. वर शॉवरकडे जातो. तुझे बाबा दहादा बजावायचे, तिथे हात लावायचा नाही."

"टेपने मोजा की," मॅनेजरकाका म्हणाले. "विती कसल्या घालताय?"

"टेप कधी घेतलाच नाही त्यांनी," आई म्हणाली. "म्हणायचे, टेप ऐन वेळी सापडत नाही. हात कुठे ठेवलाय ते शोधावं लागत नाही."

लेकीने कोपऱ्याला अंगठा टेकवला, पंजा ताणला आणि तीन विती मोजल्या. तिथे पेन्सिलीने फुली मारली. मग सावधपणा म्हणून आणखी चार बोटं सोडली आणि भोकांच्या खुणा केल्या. ती वाचून, बघून, समजून आली होती. टाइलवर मशीनचं टोक, म्हणजे बिट, घसरू नये म्हणून खुणेवर चिकटपट्टी लावायची. टाइल फुटू नये म्हणून आधी ठोका द्यायचा नाही, नुसतं फिरवायचं. टाइल पार झाली, वीट लागली, की मग ठोक्याचं बटण. हे सगळं तिला पाठ होतं. परीक्षेला बसली असती तर पहिली आली असती.

तिने मशीन भिंतीला टेकवलं आणि दाबलं. कर्णकर्कश आवाज झाला. ती दाबत राहिली. हात भरून आले, चिकटपट्टी वितळली, धूर निघाला. मशीन बाजूला घेऊन बघितलं तर टाइलवर एक छोटा, गोल, सुरेख चकाकणारा ठिपका.

"पॉलिश छान झालंय," मॅनेजरकाका म्हणाले.

"उलटं फिरतंय ते," बाहेरून आई म्हणाली. "बाजूचा खटका बघ. त्यांचीही सुरुवात नेहमी अशीच व्हायची."

"मग आधी नाही का सांगायचंस?"

"त्यांना सांगितलेलं आवडायचं नाही."

"आई, मी बाबा नाहीये!"

"हेल्मेटमधून कळत नाही," आई म्हणाली.

खटका सुलट झाला, आणि मग शेजारच्या खुणेवर खरोखरच टाइलला भोक पडलं. पांढरी भुकटी पडली, मग लाल पडायला लागली. वीट! लेकीला इतका आनंद झाला की तिने काच वर करून भोकात फुंकर मारली आणि सगळी भुकटी डोळ्यांत घेतली. दुसरं भोकही तसंच झकास पडलं. तिसऱ्याला तिने चिकटपट्टी न लावताच मशीन टेकवलं, कारण आता ती जाणकार झाली होती.

मशीनचा आवाज बदलला. जड होता तो एकदम पोकळ झाला, आणि पुढच्या क्षणी मशीन तिच्या हातात मेलं. बाहेर आईचा अंगठा बटणावर घट्ट दाबलेला होता. तिने काही पाहिलं नव्हतं. तिला आवाज पुरला.

लेकीने बिट बाहेर ओढलं, आणि भिंतीने तिच्या तोंडावर चूळ टाकली.

हेल्मेट घालण्यात शहाणपण होतं हे त्या घरात पहिल्यांदाच सिद्ध झालं. पाण्याची धार काचेवर थडथडत होती. तिने मशीन दाराबाहेर सरकवलं आणि भोकावर अंगठा दाबला. धार अंगठ्याच्या कडेने आडवी फुटली आणि दारात उभ्या मॅनेजरकाकांना पोटापासून गळ्यापर्यंत भिजवून गेली.

"काका, गच्चीवर जा! टाकीचा कॉक बंद करा!"

काका वयाच्या मानाने चपळ निघाले. थोड्याच वेळात गच्चीवरून त्यांची हाक आली. "बंदच आहे गं!"

"अहो बंद कसा असेल? पाणी येतंय!"

"येणार नाही! कॉक बंद आहे! दांडी आडवी आहे!"

"काका, माझ्या बाहीतून पाणी आत चाललंय!"

"ते पाइपमधलं उरलेलं असेल! होईल आपोआप कमी!"

आई खिडकीपाशी गेली आणि तिने वर तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं, "भाऊजी! जगात आडवी म्हणजे बंद! आमच्याकडे आडवी म्हणजे चालू! उभी करा!"

"उभी म्हणजे तर चालू वहिनी!"

"तुमच्या घरी! करा म्हणते ना!"

धार लुळी पडली, ठिबकली आणि थांबली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. बाथरूममध्ये घोटाभर पाणी, त्यात तरंगणारी गिट्ट्यांची पुडी, आणि मधोमध हेल्मेट घातलेली लेक.

"तीन विती मोजून वर चार बोटं सोडली होती मी," ती म्हणाली. "तुझ्यासमोर!"

आई पाण्यातून सावकाश चालत भिंतीपाशी आली. तिने कोपऱ्याला अंगठा लावला, आपली वीत ठेवली आणि तिच्यापुढे दुसऱ्या हाताची दोन बोटं जोडली. "ही माझी, आणि ही दोन बोटं. एवढी त्यांची." असं तिने तीनदा केलं. तिसऱ्यांदा ठेवलेली दोन बोटं बरोबर भोकावर आली.

"मग हे आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस पाइप कुठे आहे. मी म्हटलं तीन विती. कुणाच्या, ते तू विचारलं नाहीस."

तिचा हात भिंतीवर तसाच राहिला होता, दोन बोटं जोडलेला. लेकीने हेल्मेट काढलं आणि उगीचच त्यातलं पाणी ओतलं.

आता घरात पाणी नव्हतं, दांडा नव्हता, भिंतीला भोकं होती आणि दादा दुसऱ्या दिवशी येणार होता. मॅनेजरकाका टॉवेल गुंडाळून परत आले, भोकात डोळा घालून म्हणाले, "हे प्लंबरचं काम," आणि या निदानावर समाधान मानून कपडे बदलायला गेले.

"बादल्या भरून आणू शेजारून," आई म्हणाली. "भोकात लाकडाची खुंटी मारू."

"आई, ही भिंत दादाने बघितली ना, तर दांड्याचं सोड, तो मलाही गाडीत घालून नेईल."

आई पदर खोचून म्हणाली, "बोलाव. पण मी आतल्या खोलीत असेन. काम झालं की सांग."

प्लंबर आला. उंच, सडपातळ, सदा घाईत असल्यासारखा. त्याने भोकाभोवतीच्या टाइल फोडल्या, विटा उकरल्या, पाइप उघडा केला. थांबला. मग छिन्नी घेऊन खाली थोडं आणखी उकरलं, वर थोडं उकरलं. पुन्हा थांबला. हात कमरेवर गेले. मान तिरकी झाली.

"हे कुणी केलंय?"

"मी," ती घाईघाईने म्हणाली. "सकाळी. ड्रिलने. चूक माझीच."

"भोकाचं नाही म्हणत मी ताई. भोक काय, कुणीही पाडतं. हा पाइप कुणी टाकलाय?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. आई बाहेर आली, बाथरूमच्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि तिने हनुवटी वर केली.

"आमच्या मिस्टरांनी."

"काय करायचे ते?"

"भूगोल शिकवायचे. शाळेत."

"तरीच," प्लंबर म्हणाला.

"तरीच म्हणजे?" आईचा आवाज धारदार झाला.

प्लंबर बाजूला सरकला. भिंतीच्या पोटात पाइप जमिनीपासून निघाला होता, थोडा वर जाऊन डावीकडे वळला होता, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. प्रत्येक वळणावर एक एल्बो, आणि प्रत्येक एल्बोला चिखल थापावा तसा सिमेंटचा लपका.

"म्हणजे नदी नेलीय त्यांनी," प्लंबर म्हणाला. "वळणं घेत घेत. आता फक्त काठावर एखादं गाव वसवायचं राहिलंय."

आई पाइपकडे बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला. मग दुसरा. मग ती दाराची चौकट धरून हसायला लागली, इतकी की तिला स्टुलावर बसवावं लागलं.

"सांगत होते मी!" डोळे पुसत ती म्हणाली. "तेव्हाच सांगत होते, अहो सरळ न्या, सरळ न्या! म्हणे मध्ये वीट कडक लागते, वळसा घालू. एका पाइपला चार दिवस लावले माणसाने! चार दिवस मुलांना घेऊन मी शेजारी आंघोळीला जात होते! आणि वर ऐट बघा, तीन वितींवर पाइप आहे! कुठल्या तीन वितींवर? हा तर दोनपासून चारपर्यंत सगळीकडे आहे!"

बाबा गेल्यापासून त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललं नव्हतं, आणि सगळ्यांत कमी आई. आता तिची कळ दाबल्यासारखी झाली. तिने प्लंबरला उठवलं आणि घर दाखवायला नेलं. ती पुढे, तो मागे, हातात पाना तसाच.

"हे दाबा. काय लागलं? पंखा लागला, पण कुठे? तिकडे जाऊन बघा."

"अरे बापरे."

"ही फळी बघा. लिंबू ठेवा वर. ठेवा तर खरं."

लिंबू घरंगळत गेलं आणि सोफ्यावर पडलं.

"आणि हा फ्रिज बाहेरच्या खोलीत का, सांगा बघू?"

प्लंबरने फ्रिजकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, बिजागऱ्यांकडे पाहिलं. "एकाच माणसाने केलं हे सगळं?"

"एकट्याने," आई म्हणाली. "कुणाला हात लावू द्यायचा नाही. असा हट्टी माणूस." आणि ती पुन्हा हसली. पण या वेळी मध्येच थांबली, आणि लिंबू उचलायला गेली ती थोडा वेळ पाठमोरीच राहिली.

"पाइप आहे तसाच जोडायचा का सरळ करू?" परत आल्यावर प्लंबरने विचारलं.

"सरळ करा," आई म्हणाली. "एकदाचा."

त्याने पाइप सरळ केला, आईच्या हातात आलेला नळ जागेवर बसवला, भिंत बुजवली आणि बजावलं की ही भिंत ओली आहे, इथे इतक्यात दांडा लावायचा नाही. समोरच्या भिंतीवर लावा. तिथे पाइप नाही.

"नक्की?" लेकीने विचारलं. आता तिचा कोणत्याच भिंतीवर विश्वास उरला नव्हता.

"नदी तिकडे गेलीच नाही," आई म्हणाली, आणि अंगठा बटणावर ठेवून बसली.

या वेळी लेकीने आधी फरशी कोरडी केली. खटका बघितला. प्रत्येक खुणेवर चिकटपट्टी लावली. आवाजाकडे कान ठेवला. भोकं पडली, गिट्ट्या आत गेल्या, स्क्रू आवळले गेले. दांडा बसला. किंचित तिरका बसला, पण तिने दोन्ही पाय उचलून त्याला लटकून बघितलं तेव्हा तो जागचा हलला नाही. आई म्हणाली, "तिरका आहे." लेक म्हणाली, "माहीत आहे." विषय तिथेच संपला.

रविवारी दादा आला. बूट काढले आणि थेट बाथरूममध्ये गेला. आधी त्याने नवं, ओलं सिमेंट बघितलं. गायब झालेल्या टाइल बघितल्या. पॉलिश झालेला ठिपका बघितला. हेल्मेट खुंटीला वाळत होतं, तेही बघितलं. मग दांडा धरला आणि लोंबकळला. दादाचं वजन लग्नानंतर बरंच वाढलेलं होतं. दांडा हू की चू करेना.

"ठीक आहे," तो नाइलाजाने म्हणाला. "पण आई, दांड्याचा प्रश्न नाहीये. तू इथे एकटी असतेस दिवसभर. चल तिकडे."

"येते की," आई म्हणाली.

लेकीने चमकून तिच्याकडे पाहिलं. दादाही जरा गडबडला. तो भांडायच्या तयारीने आला होता.

"फक्त एक सांग," आई म्हणाली. "तुझ्याकडे बाथरूममध्ये दांडा आहे?"

"नाही... पण आमच्याकडे..."

"मग मी पडले तर? तूच म्हणालास ना, दांड्याशिवाय जमायचं नाही."

"अगं, बसवून घेऊ."

"परक्या माणसाला कशाला बोलवायचं? ही आहे ना. मशीन घेऊन येऊ आम्ही दोघी. सवयीचं झालंय आता. ही भोकं पाडेल, मी बटणावर बसेन. तुमच्या भिंतीत पाइप कुठे आहेत, ते ठाऊक आहे का तुला? नसेना का. सापडेल."

दादाने नुकतीच बाथरूम नवीन करून घेतली होती. छतापर्यंत टाइल, मोठमोठ्या, एकसंध, दुकानदाराने पुन्हा मिळणार नाहीत म्हणून सांगितलेल्या. त्याची नजर ओल्या सिमेंटवरून लेकीकडे गेली, लेकीवरून हेल्मेटकडे. भीक नको पण कुत्रा आवर, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटला.

"राहू दे," तो म्हणाला. "म्हणजे... तुला इथेच बरं वाटत असेल तर... घाई काय आहे?"

"मला काहीच घाई नाही," आई म्हणाली. "तूच बॅग भर म्हणत होतास."

तिने खांद्यावर टॉवेल टाकला, आत गेली आणि कडी लावली. दादा आणि लेक बाहेरच्या खोलीत फ्रिजशेजारी बसले. आत नळ सुरू झाला, बादलीत पाणी पडायला लागलं. मग नळ बंद झाला आणि सगळं शांत झालं.

दादा सोफ्याच्या कडेवर पुढे सरकला. "धरलाय ना तिने?" तो कुजबुजला.

"धरलाय!" आतून आईचा आवाज आला. "आणि तुम्ही दोघं दाराला कान लावून बसू नका. चहा टाका!"